आकड्यांची चौकट दंडाला बांधायची की सोडवायची?

आपल्या मुदखेडच्या वस्त्यांत आकड्यांच्या दोन चौकटी बघायला मिळतात. एक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, नाहीतर कागदावर लिहून ताईतात भरलेली. ती पोटुशा बाईच्या दंडाला किंवा तान्ह्या बाळाच्या गळ्यात असते. दुसरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या आसपास छापून येते. तिला सुडोकू म्हणतात. पहिलीबद्दल सांगतात की तिच्यामुळे बाळंतपण सुखरूप होते. दुसरीबद्दल हल्ली मोबाइलवर फिरते की रोज एक सोडवा, म्हातारपणी विसर पडणार नाही. म्हणजे दोन्ही चौकटी औषध म्हणूनच आपल्या हातात दिल्या जातात. आरोग्याच्या पानावर आम्ही या दोन्ही औषधांची तपासणी करणार आहोत. पहिल्या औषधापायी आम्ही बायांचे हाल पाहिले आहेत, आणि दुसऱ्यापायी म्हाताऱ्या माणसांची खरी दुखणी मागे पडतात.

आधी यंत्राची चौकट उघडून बघू. सगळ्यांत जास्त चालते ते पंधराचे यंत्र:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज १५. पहिल्यांदा बघणारा चकित होतो, आणि चकित माणसाला ताईत विकणे सोपे असते. आता हिशेब करा. १ ते ९ या सगळ्या आकड्यांची बेरीज ४५. आडव्या ओळी तीन. ४५ चे तीन सारखे वाटे केले की १५ येणारच, दुसरे काही येऊच शकत नाही. मधले ५ सुद्धा कोणी मंत्रून बसवलेले नाही. मधल्या घरातून चार ओळी जातात: एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या. चार ओळींचे १५ प्रमाणे ६० झाले. त्यात प्रत्येक आकडा एकदा आला, म्हणजे ४५. फक्त मधला आकडा आणखी तीनदा मोजला गेला. ६० मधून ४५ गेले, १५ उरले, त्याचा तिसरा हिस्सा ५. झाले. चौकट फिरवून आणि आरशात धरून तिची आठ रूपे होतात, पण मांडणी एकच. चीनमध्ये मांडा, अरबस्तानात मांडा, नाहीतर मुदखेडच्या स्टेशनावर खडूने मांडा, हीच येणार.

या चौकटीची आणि बाळंतपणाची गाठ मात्र जुनी आहे. साधारण इ.स. ९०० च्या सुमाराचा वृंद नावाच्या वैद्याचा ‘सिद्धयोग’ हा ग्रंथ आहे. त्यात सुखप्रसूतीसाठी तीन बाय तीनची चौकट सांगितली आहे:

१६ ६ ८
२ १० १८
१२ १४ ४

बेरीज ३०. वरच्या पंधराच्या चौकटीशी ताडून बघा. तिच्या आडव्या ओळी उभ्या करा, उभ्या ओळी आडव्या करा, आणि प्रत्येक आकडा दुप्पट करा. वृंदाची चौकट तयार. अरबी किमयागार जाबिर इब्न हय्यान याच्या नावावरच्या लिखाणातही अडलेल्या बाईसाठी हीच पंधराची चौकट येते. हिंदू वैद्य आणि मुसलमान किमयागार या एका गोष्टीवर एकमत होते. दोघांकडे दुसरा इलाजही फारसा नव्हता, त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आम्ही नावे ठेवत नाही. आज शासकीय दवाखान्यात बाळंतपण मोफत असताना ताईत बांधून बाईला घरी बसवणाऱ्याला मात्र जाब विचारतो.

हे यंत्र टिकले कसे, तेही समजून घ्या. बहुतेक बाळंतपणे काही न करताही नीट होतात. नीट झाले की श्रेय यंत्राला. अडले की सांगतात, ताईत बांधताना शिवाशिव झाली असेल, वेळ चुकली असेल. यंत्र कधीच चुकत नाही, चूक नेहमी बाईची. कोड्याचे याच्या उलटे असते. कोड्यात एक आकडा चुकीच्या घरात बसला की दोन ओळींनंतर कोडे स्वतःच ओरडून सांगते. ज्या गोष्टीची चूक पकडता येते तिच्यावर विश्वास ठेवावा, हे आम्हाला नर्सिंग शिकताना उमगले.

कारण प्रसूती कक्षातही आकड्यांच्या चौकटींचा एक कागद असतो. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. आडवे तास, उभे सेंटिमीटर. गर्भपिशवीचे तोंड किती उघडले याची खूण दर चार तासांनी, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने. आम्ही शिकलो त्या कागदावर ४ सेंटिमीटरपासून तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने एक तिरपी रेघ छापलेली असते आणि तिच्यापुढे चार तासांच्या अंतरावर दुसरी. खूण पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली की सावध व्हायचे, बाईला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. दुसरी रेघ गाठली की थांबायचे नाही, निर्णय घ्यायचा. या दोन रेघा १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, आखून दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने हा कागद इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमधल्या ३५,४८४ बायांच्या बाळंतपणात तपासून पाहिला. १९९४ साली निकाल छापला. अठरा तासांहून जास्त लांबलेली बाळंतपणे शंभरात ६.४ होती, ती ३.४ वर आली. २०२० पासून संघटनेने नवा कागद सुचवला आहे, त्यात मोजणी ५ सेंटिमीटरपासून धरतात. कागदसुद्धा चुका शोधत सुधारतो. यंत्र मात्र इ.स. ९०० मध्ये होते तसेच राहिले.

म्हणून घरात कोणी बाळंतीण होणार असेल तर हे पाठ करा. कळा सुरू होऊन १२ तास झाले, पाणी गेले पण कळा नाहीत, अंगावरून रक्त जाते आहे, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका आला, ताप आहे, बाळाची हालचाल कमी झाली, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडीही असते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे शासकीय दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि गाडी यांचा पैसा लागत नाही. आणि सासूबाई ताईतासाठी अडून बसल्या तर? आम्हाला ताईत नकोच आहे. पण कळा चालू असताना त्यावर भांडत बसू नका. ताईतासकट बाईला गाडीत बसवा, वाद बाळाच्या पाचवीनंतर घाला.

चौकट मांडणारे सगळेच लोक ताईतवाले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये करण्यासाठी चार बाय चारची चौकट दिली. सोळा घरांत सोळा पदार्थ आणि प्रत्येकाचे भाग किती ते आकड्यांत. कोणत्याही ओळीतले चार पदार्थ घेतले तरी भागांची बेरीज १८. मोगरा-गुलाबाच्या मुदखेडकरांना ही चौकट ताईतापेक्षा जास्त कामाची वाटायला हवी. तिथे आकडा म्हणजे नुसते माप आहे.

आणि आपल्याच महाराष्ट्रातले देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. शाळेत शिकवत शिकवत आयुष्यभर आकड्यांशी खेळले, जादूच्या चौरसांवरही काम केले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असे नाव दिले, ते एका रेल्वे स्टेशनावरून; डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. जंक्शनच्या गावात राहणाऱ्यांना हे आवडेल. त्यांचा ६१७४ हा आकडा जगात कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तराचे परत तेच करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचताच. दुपारी पोरांना बसवून करून बघा. आमच्या मते वहीतला हा खेळ मोबाइलवरच्या निम्म्या खेळांपेक्षा बरा.

आता सुडोकू. नाव जपानी असले तरी कोडे १९७९ साली अमेरिकेत छापले गेले. हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुशिल्पकाने ते रचले असे मानले जाते. जपानमधल्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशन संस्थेने १९८४ मध्ये ते उचलले, तिच्या माकी काजी यांनी नाव दिले. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ते आले आणि मग सगळ्या जगात पसरले. मोठ्या सुडोकूत ८१ घरे असतात. एकच उत्तर यायचे असेल तर निदान १७ आकडे आधी द्यावेच लागतात, हे २०१२ साली संगणकावर तपासून ठरले.

लोक म्हणतात, “आम्हाला गणित येत नाही, हे शिकलेल्यांचे काम.” तसे नाही. सुडोकूत बेरीज-वजाबाकी काहीच नाही. कोणती वस्तू कुठे बसू शकत नाही हे ओळखायचे आणि उरलेल्या जागी तिला बसवायचे. स्वयंपाकघरात डबे लावताना आपण हेच करतो. छोट्या चौकटीने सुरुवात करा:

१ □ □ ४
□ □ १ □
□ १ □ ३
४ □ □ □

नियम एवढाच: प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि चार कोपऱ्यांतल्या चार-चार घरांच्या खोल्यांत १, २, ३, ४ एकेकदाच यावेत. शेवटच्या आडव्या ओळीत १ कुठे बसेल? पहिल्या उभ्या ओळीत १ आहे, दुसरीत आहे, तिसरीतही आहे. म्हणजे उरले अगदी शेवटचे घर. तिथे १ लिहा. आता शेवटची उभी ओळ बघा: ४, रिकामे, ३, १. रिकाम्या घरात २ शिवाय कोण येणार? ते लिहिले की वरच्या उजव्या खोलीत ४, १, २ झाले, राहिले एक घर आणि एक आकडा, ३. इथपर्यंत आलात की पुढचे तुमचे तुम्हाला जमते. कुठेही अंदाजाने लिहू नका. प्रत्येक आकड्याला “का?” विचारता आले पाहिजे आणि उत्तर देता आले पाहिजे. या कोड्याची सगळी गोडी त्या “का”मध्ये आहे.

ज्या आजीला अंक वाचता येत नाहीत तिच्यासाठी जमिनीवर खडूने चौकट आखा आणि आकड्यांच्या जागी ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा ठेवा. कोडे तेच राहते. महिन्याभराने दाण्याशेजारी अंक लिहून ठेवा. आकडे ओळखू यायला लागले की एसटीची पाटी, औषधाच्या पाकिटावरची तारीख आणि बँकेचे पासबुक वाचायला ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणार नाही. हा फायदा आम्हाला सुडोकूच्या बाकी सगळ्या फायद्यांपेक्षा मोठा वाटतो.

मग विसर पडणे थांबते का? २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पन्नाशीच्या पुढच्या १९ हजारांहून अधिक लोकांची माहिती छापली. आकड्यांची कोडी नेहमी सोडवणाऱ्यांचे लक्ष, विचार आणि स्मरण चाचण्यांत जास्त चांगले निघाले. मोबाइलवर फिरते ते एवढेच. पण कोडी सोडवल्यामुळे मेंदू चांगला राहिला, की चांगला मेंदू असलेली माणसेच कोडी सोडवत बसतात, हे त्यावरून ठरत नाही. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचा अभ्यास आला. १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांची अकराव्या वर्षी शाळेत बुद्धीची चाचणी झाली होती, म्हातारपणी त्यांना अनेक वर्षे परत परत तपासले. आयुष्यभर डोक्याला काम देणाऱ्यांची पातळी वर होती, पण वयाबरोबर होणारी घसरण कोड्यांनी थांबली नाही. आपल्याकडच्या विहिरीसारखे समजा. उन्हाळ्यात पाणी सगळ्यांचेच उतरते, फक्त ज्याची विहीर खोल त्याला टंचाई उशिरा कळते.

आपल्या आजी-आजोबांच्या विहिरी खणूच दिल्या नाहीत, ही यातली खरी गोष्ट. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो भारतात साठीच्या पुढच्या शंभरात सुमारे ७ जणांना आहे. २०२३ मध्ये छापलेल्या देशपातळीवरच्या अभ्यासाचा अंदाज ८८ लाख माणसांचा. त्यात बाया जास्त, खेड्यातले लोक जास्त आणि शाळा न शिकलेले जास्त. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत कमी शिक्षण आहे, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तदाब, साखर, वाईट चरबी, वजन, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, उदासी, हालचाल नसणे, एकटेपणा आणि हवेतला धूर आहे. सगळी आवरली तर जवळजवळ निम्मे, म्हणजे १०० पैकी ४५ रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब. यादीत सुडोकू नाही. चुलीसमोर आयुष्य गेलेली, शाळेच्या दारातून परत पाठवलेली, कान गेल्यामुळे घरात कोणी बोलत नाही अशी आजी डोळ्यांसमोर आणा. त्या यादीतली किती कारणे तिच्या वाट्याला आली ते मोजा. तिला कोडे द्याच, पण आधी रक्तदाब आणि साखर मोजून आणा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी ही तपासणी उपकेंद्रात मोफत आहे. आणि तिच्याशी मोठ्याने, समोर बसून बोला.

तपासणीच्या वेळची एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी. विसर पडतो म्हणून नेले की पुष्कळदा विचारतात, “शंभरातून सात वजा करत जा.” ९३, ८६, ७९... ही चाचणी शाळा शिकलेल्यांसाठी बनलेली आहे. जी बाई कधी वर्गात बसली नाही तिला हे आले नाही म्हणजे तिची बुद्धी गेली असे नव्हे. तीच बाई बाजारात गजऱ्यांचा हिशेब चोख करते. हरियाणातल्या बल्लभगढ भागात अशाच न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली, ती १९९५ साली छापली गेली. तिथे आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, “डॉक्टरसाहेब, आई शाळेत गेलेली नाही, पण गेल्या वर्षीपर्यंत पैशाचा हिशेब स्वतः ठेवायची.” पूर्वी येत होते ते आता येत नाही, ही खबर चाचणीच्या गुणांपेक्षा मोलाची.

ती खबर घरातलाच माणूस देऊ शकतो. सुट्टे पैसे मोजताना गोंधळ, रोजच्या वाटेवर चुकणे, भाजीत दोनदा मीठ, तोच प्रश्न तासाभरात पाचदा, हे काही महिन्यांपासून वाढत असेल तर “वय झालं” म्हणून सोडू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांनीही असे होते, आणि त्यांवर उपचार आहेत. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. आणि काल बरा असलेला म्हातारा आज अचानक बरळायला लागला, तर तो स्मृतिभ्रंश नाही. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, साखर एकदम उतरणे, अंगातले पाणी कमी होणे, असे काही असते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला तर त्याच मिनिटाला.

कोड्याचा एक उपयोग मात्र आम्ही नर्स म्हणून नक्की सांगू. चौकटीतला ३ आणि २ वेगळा दिसत नाही, कागद हातभर लांब धरावा लागतो, उजेडात चकाकी येते, असे म्हातारा माणूस म्हणाला की कोडे बाजूला ठेवा आणि डोळे तपासून आणा. चष्मा लागेल नाहीतर मोतीबिंदू निघेल.

विहारात रविवारी लोक जमतात तेव्हा फळ्यावर खालची चौकट लिहा. पोरांनी उत्तर सांगायचे नाही, फक्त आजी-आजोबांना “का?” विचारायचे. उत्तर पुढच्या अंकात.

□ □ २ □
□ ४ □ □
१ □ □ २
□ □ १ □